गाडीच्या मागे गाडी

४ जानेवारी, रविवार. सकाळ

मोटारसायकल चालवली. जागेवर. पार्किंगमध्ये मेन स्टँडवर चढवून बराच वेळ रेस केली. आवाज उत्तम. तिसऱ्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी खिडकी लावून घेतली, म्हणजे आवाज तिथपर्यंत पोचतो. इंजिनात दम आहे.

ही पिशवी घेऊन बाहेर निघाली होती. जाता जाता म्हणाली, चोक अर्धाच ओढा, पूर्ण ओढला की ती गुदमरते. हिला काय कळतं? बायकांकडे ऐकीव माहिती फार.

४ जानेवारी. संध्याकाळ

मेव्हण्याचा फोन. गाडी मूळची आमच्या सासऱ्यांची. ते गेल्यावर आमच्याकडे आली, त्याला दोन वर्षं झाली. मेव्हण्याचं म्हणणं असं, की भाऊजी, गाडी तुमच्याकडे नुसती उभी असते असं ऐकतो. पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे, गाडीवर बसून या. जमत नसेल तर टेम्पो पाठवतो आणि गाडी इकडे आणतो.

मी ताडकन म्हटलं, बसूनच येतो.

फोन ठेवला तर ही माझ्याकडे बघत होती. म्हणाली, बाबांची गाडी हातची गेलेली मला चालणार नाही. एवढंच. एकदाच म्हणाली. ही एखादी गोष्ट एकदाच म्हणाली की ती शेवटची असते.

प्रश्न फक्त पाठीचा आहे. गेल्या वर्षी गेटसमोरच्या वाळूवर गाडी घसरली. (गाडी घसरली. मी फक्त तिच्यावर होतो.) डॉक्टर म्हणतात पाठीला काही झालेलं नाही. पण पाठ डॉक्टरांची नाही. तेव्हापासून विश्रांती म्हणून जागेवर चालवतो.

६ जानेवारी, मंगळवार

उपाय सापडला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. घडीचा ट्रेलर! कारच्या मागे लावायचा, त्याच्यावर मोटारसायकल चढवायची, हवं तिथे न्यायची, उतरवायची आणि ट्रेलरची घडी घालून डिकीत टाकायची. व्हिडिओतला माणूस हे सगळं एकटा करतो. शीळ घालत.

प्लॅन: कारने सासुरवाडीच्या अलीकडच्या वळणापर्यंत जायचं. तिथे गाडी उतरवायची. ट्रेलर डिकीत, त्यावर चादर. मी हेल्मेट घालून मोटारसायकलवर पुढे, ही कार घेऊन मागे. मेव्हणा बघत राहील.

याला फसवणूक म्हणता येणार नाही. याला लॉजिस्टिक्स म्हणतात. पंपांच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो मी. कुठला पंप कुठल्या ट्रकमध्ये कसा चढतो हे मी झोपेत सांगेन. एक मोटारसायकल म्हणजे काय!

ऑर्डर देऊन टाकली. हिला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, त्यापेक्षा एक दिवस नुसती कोपऱ्यापर्यंत चालवून बघा. मुद्दाच लक्षात आला नाही तिच्या.

१५ जानेवारी, गुरुवार

ट्रेलर आला. तीन खोक्यांत. वॉचमन म्हणाला, साहेब, पलंग घेतलात का? हसलो. अडाणी प्रश्नांवर हसावं.

सोबत चित्रांचं पुस्तक आहे. पहिल्याच पानावर एकटा माणूस आणि त्याच्यावर लाल फुली. शेजारी दोन माणसं, त्यांच्यावर बरोबरची खूण. हे अशक्त लोकांसाठी असावं.

१८ जानेवारी, रविवार

ट्रेलर जोडला. माझा सगळा रविवार आणि हिची कणीक मळायची परात (नट ठेवायला) यात गेली. परातीबद्दल नंतर सविस्तर ऐकून घेतलं.

रचना अप्रतिम आहे. मधोमध बिजागरी. खिट्टी काढली की ट्रेलरचा मागचा भाग खाली टेकतो, गाडी ढकलून वर घ्यायची, पुन्हा खिट्टी लावायची. घडी घातली की कोपऱ्यात उभा राहतो, कपाटामागे ठेवलेल्या इस्त्रीच्या टेबलासारखा. सेक्रेटरी खाली येऊन पाहून गेले. म्हणाले, घडी होत असेल तरच पार्किंगमध्ये ठेवा, नाहीतर कमिटीपुढे विषय जाईल. मी त्यांना तीन वेळा घडी घालून दाखवली. तिसऱ्यांदा त्यांचं बोट सापडलं. त्याला माझा इलाज नाही.

पाच नट उरले. कंपनीने जास्तीचे दिले आहेत. चांगली कंपनी.

२१ जानेवारी, बुधवार

कारला मागे हुक बसवून घेतला. गॅरेजवाल्याने विचारलं, एवढ्याशा गाडीने ओढणार काय? मी म्हटलं, मुंगी स्वतःपेक्षा मोठा दाणा ओढते. तो म्हणाला, मुंगीला गिअर नसतात. लोकांना हल्ली वाद घालायची सवय लागली आहे.

ट्रेलर जोडला की कारचा रिव्हर्स सेन्सर बिघडल्यासारखा, पुढे जातानाही, सतत ओरडतो. त्याला वाटतं मागे भिंत आहे. सेन्सरकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं.

२५ जानेवारी, रविवार

शाळेच्या मोकळ्या मैदानावर रिव्हर्सचा सराव. रिकामा ट्रेलर. ट्रेलर मागे घेताना स्टीअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे मला वाचून माहीत होतं. पण ट्रेलरला ते माहीत नसावं. डावीकडे जा म्हटलं की उजवीकडे, उजवीकडे म्हटलं की थेट कारच्याच दाराला भेटायला. तिसऱ्या खेपेला झेंड्याच्या खांबाला टेकलो. खांब आधीपासून वाकडा असावा.

ही खांबाच्या पलीकडे सावलीत उभी होती. म्हणाली, मी बघू का एकदा? म्हटलं बघ. तिने काच खाली केली, मान मागे वळवली आणि ट्रेलर एका फटक्यात फाटकातून सरळ मागे नेऊन रस्त्यावर उभा केला. म्हणाली, लहानपणी बाबांची हातगाडी अशीच ढकलायचो आम्ही. पुढचं टोक उलटीकडे दाबायचं.

आंधळ्याच्या गाई देव राखतो, दुसरं काय. मी मनमोकळेपणाने कौतुक केलं. परतताना ती आरशात बघून हसत होती. कशाला, विचारलं नाही.

३१ जानेवारी, शनिवार

चढवण्याचा सराव. सुरुवात सायकलपासून. शेजाऱ्यांची सायकल ट्रेलरवर एकट्याने चढवली, पट्टे बांधले, उतरवली. शीळ घातली. तत्त्व तेच, फरक फक्त वजनाचा.

१ फेब्रुवारी, रविवार

वजनाचा फरक बराच आहे.

पाय मुरगळला. मोटारसायकलचा उजवा आरसा गेला. वॉचमन मध्ये पडला म्हणून बाकीची वाचली. (खरोखरच मध्ये पडला. त्याला चहा आणि बाम दिला.) पुढच्या वेळी तिघे जण घ्यायचे. चित्रात दोन माणसं पुरतात, कारण ती चित्रं आहेत.

ही खाली आली, मला काही विचारलं नाही. गाडीची टाकी पदराने पुसली, जिथे पोचा आला तिथे बोट फिरवलं आणि वर गेली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ट्रेलर वाजतो. रिकामा ओढला तरी बिजागरीपाशी खडखड, खडखड. स्पीडब्रेकरवर तर भांड्यांचं दुकान पडल्यासारखं. हिला म्हटलं, वळणाच्या कितीतरी आधी तुझ्या भावाला ऐकू जाईल. ती म्हणाली, बिजागरीत रबराचा तुकडा घाला. मलमपट्टी मला आवडत नाही. रोगाच्या मुळाशी जावं.

७ फेब्रुवारी, शनिवार

मुळाशी गेलो. वेल्डरला घरी बोलावलं. बिजागरी दोन्ही बाजूंनी पक्की वेल्ड करून घेतली. वेल्डर म्हणाला, नक्की ना, नंतर मला बोलायचं नाही. मी म्हटलं, काम असं करा की हत्ती नाचला तरी हलणार नाही. त्याने तसं केलं. उरलेले पाच नटही त्याने कुठेतरी चिकटवून टाकले. आता आवाज शून्य. ट्रेलर म्हणजे दगड.

आत्मविश्वास प्रचंड वाढला आहे. मेव्हण्याला फोन करून सांगितलं, बावीसला दुपारी बारापर्यंत पोचतो, गाडीवर. तो म्हणाला, भाऊजी, आम्ही सगळे गेटवर उभे राहतो. सगळे म्हणजे किती, विचारायचं राहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज ट्रेलरची घडी घालायला गेलो.

८ फेब्रुवारी. दुपार

घडी होत नाही.

८ फेब्रुवारी. संध्याकाळ

हिला सांगितलं. ती अगदी शांतपणे म्हणाली, तुम्ही घडीच्या ट्रेलरची घडीच वेल्ड केलीत. मी म्हटलं, मजबुतीसाठी. ती स्वयंपाकघरात गेली आणि आत एकटीच हसत राहिली. मला आवाज येत होता. येऊ दे. इतिहासात अनेकांना हसलेत लोक.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ट्रेलर पार्किंगमध्ये तिरका उभा आहे. सरळ उभा केला तर सेक्रेटरींची स्कूटर अडते, आडवा केला तर पाण्याच्या टाकीचं झाकण. तिरका केल्यामुळे आता माझीच कार अडली आहे. ऑफिसला बसने गेलो. बसमध्ये विचार करायला वेळ मिळतो, हा फायदा.

सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही तर घडी घालून दाखवली होतीत. मी म्हटलं, हो, आणि तुम्ही पाहिलीत. म्हणजे खोटं कुणीच बोललेलं नाही. बावीसपर्यंतची मुदत मिळाली.

वेल्डरला फोन केला. तो म्हणाला, हत्तीचं काम केलंय साहेब, आता तोडायचं तर बिजागरीच जाईल. मला न बोलण्याची आठवणही त्याने करून दिली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वेल्डमुळे मागचा भाग आता खाली टेकत नाही, गुडघ्याइतका उंच राहतो. पण हा प्रश्न सोडवला. रंगाऱ्याची जाड फळी मागून आणली. फळी लावायची, गाडी वर. सोपं. आधी कशाला ती बिजागरी ठेवली होती कोण जाणे.

ही म्हणाली, अजूनही वेळ आहे, माझ्या भावाला सरळ सांगू या, की तुम्हाला चालवायला नको वाटतं. मी म्हटलं, नको वाटण्याचा प्रश्नच नाही, पाठीचा आहे. ती म्हणाली, बरं. हिचं बरं मला कधीच बरं वाटलेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या निघायचं. वॉचमन, त्याचा भाऊ, इस्त्रीवाला आणि ही, असे चौघे मिळून मोटारसायकल ट्रेलरवर चढवली. मी सूचना दिल्या. पट्टे मी स्वतः बांधले. नंतर हिने तेच पुन्हा बांधले. शिस्त चांगली आहे तिची.

यादी तपासली. हेल्मेट, हातमोजे, चादर (ट्रेलर झाकायला), पाणी, सासूबाईंची शाल. घोडामैदान जवळच आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी लवकर

निघालो. सेन्सर ओरडतोय. मी दुर्लक्ष करतोय. ही कापसाचे बोळे शोधते आहे.

२२ फेब्रुवारी. रस्त्यात, चहाच्या टपरीवर

प्रवास अत्यंत सुखरूप. वेग कमी ठेवला. एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला, त्यावरच्या माणसाने हात केला. मीही केला. चढणीवर कार जरा दमली, मी हिला म्हटलं मुंगी आठव. ती म्हणाली, मी मघापासून मुंगीच आठवते आहे, बिचारीची दया येते.

आता लिहिताना लक्षात आलं: चादर आहे, पण ट्रेलर डिकीत जाणार नाही. घडी होत नाही ना. म्हणजे मी पुढे मोटारसायकलवर आणि माझ्यामागे माझ्याच बायकोच्या कारला रिकामा ट्रेलर. सगळ्या गेटला दिसेल. हिला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या लक्षात केव्हा येतं ते बघत होते.

ठीक आहे. ट्रेलर वळणावर झाडामागे ठेवायचा. येताना घ्यायचा.

२२ फेब्रुवारी. वळणावर

फळी घरी राहिली.

पार्किंगच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे, अगदी डोळ्यांसमोर येते. यादीत नव्हती, कारण ती सामान नव्हे, साधन. मोटारसायकल गुडघाभर उंचीवर. आम्ही दोघं खाली. रस्त्याला चिटपाखरू नाही.

मी डिस्पॅचचा माणूस. शांत डोक्याने विचार करायला बसलो. ही दहा पावलं मागे जाऊन आली. तिथे एक बंद दुकान, त्याला गुडघाभर उंच ओटा, बाजूने हातगाडी चढवायचा उतार. म्हणाली, तुमच्या कारखान्यात ट्रक असाच मागे लावतात ना ओट्याला? लावतात. रोज लावतात. रोज मी तिथे उभा असतो. माझ्या डोक्यात हे येणारच होतं.

तिने कार घेतली, मान मागे वळवली आणि ट्रेलर ओट्याला असा नेऊन टेकवला की मध्ये वहीचं पान जाणार नाही. सेन्सर ओरडत होता. तिने पहिल्यांदाच त्याला एक चापट मारली, तो बंद पडला. दोघांनी मिळून गाडी ओट्यावर ओढली आणि उतारावरून खाली आणली.

मी हेल्मेट घातलं. हातमोजे घातले. बसलो. हिने खाली वाकून चोक ओढला. अर्धाच. पहिल्या किकला सुरू.

क्लच दाबला. गिअर टाकला. आता फक्त क्लच सोडायचा.

सोडला नाही. डाव्या हाताची बोटं उघडेनात. रस्त्यावर कडेला थोडी वाळू होती. फार नाही, मूठभर असेल. मी त्या वाळूकडे बघत राहिलो. पाठ एकदम ठणठणीत होती, हे मला तेव्हाच कळलं, आणि तेच जास्त वाईट वाटलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. इंजिन तापल्याचा वास यायला लागला. हिने माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, उतरायला आधार देते आहे. तिला हेल्मेट हवं होतं.

२२ फेब्रुवारी. संध्याकाळ, सासुरवाडी

घडलेलं नोंदवून ठेवतो, नंतर लोक तिखटमीठ लावतात.

ही पुढे मोटारसायकलवर. पदर कमरेला खोचलेला, पाठ सरळ, वळणावर गाडी अशी झोपवत होती की जणू रोज तोच रस्ता. मी मागे कारमध्ये. माझ्यामागे रिकामा ट्रेलर, कारण झाडामागे ठेवायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मी तिच्याकडेच बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि ही बाई मी पाहिलेलीच नव्हती. मत्सर वाटला. अभिमानही वाटला. दोन्ही एकाच वेळी.

गेटवर सगळे म्हणजे बरेच होते. आधी आवाज पोचला. मेव्हणा हात वर करून भाऊजी, भाऊजी ओरडत पुढे आला. हिने हेल्मेट काढलं. त्याचा हात वरच राहिला. मग माझी कार आली, मग ट्रेलर आला. ट्रेलरकडे बोट करून कुणीतरी विचारलं, हे काय? मी म्हटलं, बॅकअप व्हेइकल.

सासूबाई खुर्चीतून उठून आल्या. माझ्याकडे आल्या नाहीत. गाडीच्या टाकीवर हात ठेवला, मग हिच्या गालावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांना सांगू लागल्या, की ह्यांनी (म्हणजे सासऱ्यांनी) हिलाच गाडी शिकवली होती ना, मैदानावर, पहाटे. हा (म्हणजे मेव्हणा) मागे बसायचा आणि रडायचा. मेव्हणा म्हणाला, आई, ते आत्ता कशाला. मला बरं वाटलं. मागे बसून रडणारे जगात आणखीही आहेत.

जेवताना हिला हळूच विचारलं, तुला येते हे कधी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलं का? आणि तुम्ही इतक्या आवडीने जागेवर चालवत होतात.

मेव्हण्याने टेम्पोचा विषय काढला नाही. जेवण झाल्यावर त्याने गाडीची कागदपत्रं हिच्या हातात दिली. माझ्या हातात ताटातली उरलेली मिठाई बांधून दिली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

परतलो. ही मोटारसायकलवर, मी कारमध्ये मागे. ट्रेलर तिथेच ठेवला. सासूबाईंनी विचारलं, मोडतो का हा? म्हटलं, हत्ती नाचला तरी नाही. त्यांना भोपळ्याच्या वेलासाठी मांडव हवाच होता.

सेक्रेटरींनी पार्किंग पाहून आभार मानले. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द.

१ मार्च, रविवार

मोटारसायकल जागेवर चालवायला खाली गेलो. जागेवर नव्हती. ही तिच्यावर बसून तिच्या कामाच्या लॅबला गेली आहे. रविवारीही तपासणीला रक्त द्यायला लोक येतात म्हणे.

सेक्रेटरींची खिडकी उघडी होती.

९ मार्च, सोमवार

कार गॅरेजमध्ये. चढणीवर क्लच जळला होता, आत्ता पुरता गेला. गॅरेजवाल्याने मुंगीची चौकशी केली.

ही म्हणाली, चला, सोडते ऑफिसला. मी म्हटलं, पाठीला झेपेल का बघावं लागेल. ती म्हणाली, बघा. नवं हेल्मेट तिने आधीच आणून ठेवलं होतं. माझ्या मापाचं.

कारखान्याच्या गेटवर लोडिंग बेवरच्या, म्हणजे माल चढवायच्या ओट्यावरच्या, सगळ्यांनी पाहिलं. मी उतरलो, हातमोजे काढले, सावकाश. एकाने विचारलं, साहेब, गाडी कोणाची?

म्हटलं, आमची. मी मागे असतो.